चित्राखाली नाव कुणाचं?

एक साधा बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते आणि ८.८ असा काहीतरी ग्रेड असतो. इंजिनाला नंबर, चेसिसला नंबर, गिअरबॉक्सला नंबर. गाडी कुठे बंद पडली, तर कुठल्या दिवशी, कुठल्या लाइनवर, कुठल्या बॅचचा पार्ट बसला होता, इथपर्यंत माग काढता येतो. याला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात आणि ओरल्सला हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा ज्युनिअर्सनी एवढा पॅरेग्राफ कापून ठेवायला हरकत नाही!

आता त्याच कंपनीच्या गेटबाहेर या. कंपाउंडच्या भिंतीवर चित्रं आहेत. झाड, पाण्याचा थेंब, हेल्मेट घातलेला कामगार, वारकऱ्यांची रांग. ही कुणी काढली? वॉचमनला विचारा, एच.आर.ला विचारा. ‘कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं’ यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. जिथे चार रुपयांच्या नटाची कुंडली मिळते, तिथे चाळीस फुटी चित्राला साधं नाव नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात रस्त्यावरची कला आहे, ती गाडीत बसून बघण्यासारखी आहे, आणि तशी सहल आपण काढलीच पाहिजे. पण त्याआधी त्या चित्रांना त्यांची नावं परत मिळाली पाहिजेत. नाहीतर ती सहल म्हणजे नुसती रंगवलेल्या भिंतींची परेड.

आमच्या होस्टेलवर रविवार म्हणजे धुणं, मॅगी आणि ‘कुठे जायचं?’ हा प्रश्न. उत्तर ठरलेलं, लोणावळा नाहीतर पुणे. ‘इथे बघण्यासारखं आहे काय?’ हे वाक्य मी एफ.ई.पासून ऐकते आहे. भिंतीवरची चित्रं बघायला लोक तिकीट काढून गाडीत बसतात, हे सांगितल्यावर आमच्या मेसच्या मावशी तर पोट धरून हसल्या. पण जगात हे चालतं! अमेरिकेतलं फिलाडेल्फिया हे एके काळी आपल्यासारखंच कारखान्यांचं शहर. तिथे १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांना नुसती शिक्षा करण्याऐवजी त्यांच्या हातात ब्रश द्यायचं ठरलं. त्यातून पुढे चार हजारांहून जास्त भित्तिचित्रं झाली आणि ती दाखवायला गाइडसकट ट्रॉली-बस निघू लागली. त्याच शहरात २००९ मध्ये स्टीव्ह पॉवर्स नावाच्या पेंटरने उंचावरून धावणाऱ्या रेल्वेलगतच्या इमारतींवर पन्नास चित्रांचं एक लांबच लांब प्रेमपत्र रंगवलं. गाडीच्या खिडकीत बसायचं आणि भिंतीमागून भिंत वाचत जायचं!

इतकं लांब कशाला? मुंबईत २००९ मध्येच तुळशी पाइप रोडची भिंत सर्वसामान्य लोकांना रंगवायला मोकळी करून दिली होती. २०१४ मध्ये वांद्र्याच्या एम.टी.एन.एल.च्या इमारतीवर रणजित दहियाने दादासाहेब फाळके रंगवले. २०१८ मध्ये चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर एदुआर्दो कोब्रा या ब्राझीलच्या चित्रकाराने गांधीजी रंगवले. पुण्यात कसबा पेठेतल्या जुन्या भिंतींवर २०१२ मध्ये हर्षवर्धन कदमच्या पुढाकाराने चित्रं आली. फक्त आपल्या पट्ट्याचं नाव या यादीत कुणी घेत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत.

म्हणून आम्हीच एक सहल काढली. नोव्हेंबरातला रविवार, सतरा सीटरची एक ट्रॅव्हलर, आम्ही अकरा मुली आणि चार मुलं. गाइड म्हणून आमच्या एका मैत्रिणीच्या शेजारचे पेंटरकाका. साठी ओलांडलेले, सगळं आयुष्य दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतले ट्रक रंगवण्यात गेलेलं.

‘‘मी गाइड? मला इंग्लिश येत नाही बरं का, पोरींनो,’’ ते आधीच म्हणाले.

‘‘इंग्लिश आमच्याकडे भरपूर आहे काका, बाकीचंच नाही!’’ आम्ही सांगितलं.

सुरुवात निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराजांच्या भेटीचं शिल्प, आणि शेजारी १०७ मीटर उंचीचा झेंड्याचा खांब. इथे फोटो काढून झाले की बहुतेक लोक परत फिरतात. आम्ही तिथून पुढे निघालो. काकांनी ड्रायव्हरला पहिलीच ताकीद दिली, ‘‘वीसच्या वर घेऊ नको.’’ तेव्हा आम्हाला गंमत वाटली, पण हिशोब करून बघा. गाडी ताशी ४० किलोमीटरने गेली तर सेकंदाला ११ मीटर जाते. पाच मीटर रुंदीचं चित्र अर्ध्या सेकंदात मागे पडतं. आपण रोज त्या रस्त्याने जातो आणि ‘इथे काही नाही’ म्हणतो, त्याचं निम्मं कारण हे आहे. आपण अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त कधी बघितलेलंच नाही.

जुन्या मुंबई-पुणे हायवेने आकुर्डी, चिंचवड, पिंपरी असं करत नाशिक फाट्यापर्यंत यायचं, तिथून भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल आणि चाकण. रस्ता आपल्याला पाठ आहे. पण त्या दिवशी भिंती वाचायला शिकलो. काका लांबूनच सांगायचे, ‘‘हे स्टेन्सिलचं काम आहे.’’ जवळ गेलं की खरंच सगळे वारकरी एकाच साच्यातले निघायचे. तीच टाळ, तीच दाढी, फक्त धोतराचा काठ कुठे लाल, कुठे हिरवा. मग एकदम म्हणायचे, ‘‘थांबव, थांबव. हे हातचं आहे.’’ त्या रांगेत एका म्हातारीच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन जरा तिरकं होतं आणि तिने एका हाताने ते सावरलं होतं. काका म्हणाले, साचा कधी सावरत नाही, माणूस सावरतो. ज्या गावातून तुकोबांची पालखी जाते आणि आकुर्डीत मुक्कामाला थांबते, तिथल्या पेंटरने ही म्हातारी कुठेतरी प्रत्यक्ष पाहिलेली असणार.

मग मोठं चित्र भिंतीवर चढतं कसं, तेही समजलं. लहान चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या. भिंतीवर तितक्याच चौकटी मोठ्या करून आखायच्या. त्यासाठी दोरी निळीत बुडवून दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची. फट्! दहा फुटांची सरळ रेघ एका फटक्यात. मग एकेका चौकटीतलं चित्र एकेका चौकटीत उतरवायचं. आपण ड्रॉइंगच्या पेपरला स्केल १:२०, १:५० करतो, तेच हे. फक्त ते मिनी-ड्राफ्टरशिवाय आणि बांबूच्या परातीवर उभं राहून.

प्रत्येक चित्राचा खालचा दोन फुटांचा पट्टा का सोलून निघतो, हेही त्यांनी दाखवलं. जमिनीतली ओल भिंतीत चढते, बरोबर क्षार आणते आणि रंगाला आतून ढकलते. त्यात पावसाळ्यात गाड्यांचा चिखल उडतो. प्रायमर न मारता थेट रंग लावला तर एक पावसाळासुद्धा निघत नाही. ‘‘दसऱ्यानंतर काम धरायचं, भिंत चांगली वाळू द्यायची. पण सर्वेक्षणाची टीम येणार असली की दोन दिवसांत पाहिजे असतं,’’ काका म्हणाले. २०१६ पासून देशभर स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं आणि त्याबरोबर शहरोशहरी भिंती रंगायला लागल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण घाईने रंगवलेली भिंत सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेल्या जर्नलसारखी असते. लांबून पूर्ण, जवळून सगळं कळतं!

खरा खजिना मात्र भिंतींवर नव्हता. तो ट्रान्सपोर्टनगरीत उभा होता, चाकांवर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी आठवड्याला मोजके तास. ‘एकोणसाठ’ म्हटलं की मी अजूनही मनात बोटं मोजते. माझं खरं मराठी वाचन झालं ते स्कूलबसच्या खिडकीतून, पुढच्या ट्रकच्या फाळक्यावर. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हे मी वाचलेलं पहिलं मराठी जोडअक्षरांचं वाक्य असावं. रंगीत सावली दिलेली अक्षरं, दोन बाजूंना कमळं, मधे मोर किंवा गरुड, आणि कुठल्यातरी गावाचं नाव. ज्याला आपण ‘स्ट्रीट आर्ट’ म्हणतो ती जागेवर उभी असते आणि आपण तिच्याकडे जातो. ट्रकची कला स्वतःच सहलीला निघते. आज चाकणला, परवा इंदूरला.

याचंही शास्त्र आहे. काकांचा नियम असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं. म्हणजे फाळक्यावरचं सहा इंची अक्षर साठ फुटांवरून. मागच्या ड्रायव्हरने तेवढं अंतर ठेवूनच वाचावं, हीच अपेक्षा. सावली नेहमी एकाच बाजूला द्यायची, कारण सूर्य एकच आहे. बारीक काम खारीच्या केसांच्या ब्रशने. शेवटी वार्निश. २०१५ मध्ये महाराष्ट्रात ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी आली. विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं म्हणून. निर्णय मला पटतो, कानांवर उपकारच आहेत. पण पेंटरच्या वहीतली एक ओळ गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच येऊ लागल्या, तेव्हा नंबर रंगवायचं कामही गेलं. तीही सुधारणाच. आणि स्टिकर आले तेव्हा कमळ आणि मोरही गेले. यातलं एकही पाऊल चुकीचं नाही, आणि तरीही शेवटी हातात ब्रश घेतलेला माणूस रिकामा बसला आहे. इंजिनिअर होणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला वाटतं. सुधारणेचा खर्च कुणाच्या नावावर पडला, हे बॅलन्स शीटवर दिसत नाही.

त्याला सगळ्यात मोठा फटका दिला तो फ्लेक्सने. सहलीत आम्ही नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत एक खेळ खेळलो. डाव्या खिडकीवाल्यांनी चित्रं मोजायची, उजव्या खिडकीवाल्यांनी फ्लेक्स. भोसरीच्या आतच उजव्यांनी मोजणं सोडून दिलं! वाढदिवस, नियुक्ती, अभिनंदन, पुन्हा वाढदिवस. गॉगल घातलेले पन्नास चेहरे आणि प्रत्येकाखाली ठळक नाव. बघा, शहराला नाव लिहिता येत नाही असं नाही. वाढदिवस ज्याचा त्याचं नाव आहे, शुभेच्छा देणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. नाव नाही ते फक्त काम करणाऱ्याचं.

आणि फ्लेक्सचा प्रश्न नुसता सौंदर्याचा नाही. जरा आपल्या भाषेत बोलू. आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. दाब काढायचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन. चाळीस बाय वीस फुटांच्या होर्डिंगचं क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मीटर. गुणाकार करा, जवळजवळ सात टन! आकाराचे आणि उंचीचे गुणक अजून लावायचे आहेत. एवढं बळ एका पत्र्याच्या शिडावर, आणि खाली वेल्डिंग कसं आहे कुणाला ठाऊक. १७ एप्रिल २०२३ ला आपल्याच रावेत-किवळे भागात वादळी पावसात होर्डिंग कोसळलं. आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जणांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला, घाटकोपरला होर्डिंग पडून सतरा जण गेले. भिंतीवर रंगवलेलं चित्र जुनं होतं, फिकं पडतं, सोलून निघतं. पण ते कुणाच्या अंगावर पडत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग रंगवा सगळ्या भिंती आणि काढा बस! थांबा. या सहलीत एक गोष्ट मला टोचली, तीही सांगते. आमची गाडी एका वस्तीजवळ थांबली. रस्त्याकडच्या भिंतीवर छान रंगीत डिझाइन होतं. आम्ही खिडकीतून मोबाइल बाहेर काढले. भिंतीमागे नळावर हंडे लावून बसलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. फोटोत भिंत यावी आणि त्या येऊ नयेत, म्हणून आमच्यातली एकजण अँगल शोधत होती. काका गाडीतून उतरले आणि त्या बायकांशी गप्पा मारायला गेले. तेव्हा कळलं की भिंतीचा रंगवलेला भाग फक्त रस्त्याच्या बाजूचा आहे. आतली बाजू तशीच, सिमेंटची.

मुंबईत असल्फाच्या टेकडीवर २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’च्या स्वयंसेवकांनी घरं रंगवली. मेट्रोच्या खिडकीतून राखाडी दिसणारी टेकडी एकदम रंगीत दिसू लागली, पेपरात फोटो आले. त्यावर तेव्हाच प्रश्न निघाला की हा रंग आत राहणाऱ्यांसाठी की खिडकीतून बघणाऱ्यांसाठी? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. स्वतःच्या घराला रंग लागला तर कुणाला आवडणार नाही? पण गाडीतून सहल काढणाऱ्यांनी हा प्रश्न खिशात ठेवूनच बसावं. गाडीची काच आपल्याला सगळं दाखवते आणि काहीच विचारू देत नाही. म्हणूनच गाइड लागतो, आणि तो पाठ केलेली स्क्रिप्ट बोलणारा नको. मधेच गाडी थांबवून खाली उतरणारा हवा.

यावरून मी पुन्हा नावाच्या मुद्द्यावर येते. रणजित दहिया हा हरियाणातल्या खेड्यात लहानपणी घरांना चुना मारायची कामं करायचा. पुढे तो आर्ट कॉलेजात गेला, एन.आय.डी.त गेला. आज वांद्र्याचे फाळके कुणी काढले याचं उत्तर आहे. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव मिस्त्री पडदे रंगवायचे. लोकांनी त्यांचं आडनावच ‘पेंटर’ करून टाकलं आणि त्याच नावाने ते सिनेमाच्या इतिहासात गेले. पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरायचे. आणि आपल्या प्रत्येक पुलाच्या खांबावर नाचणारी ती त्रिकोणी माणसं? ती वारली माणसं डहाणूच्या बाजूच्या घरांच्या भिंतींवरची आहेत. ती कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या खांबांवर वारली आहे, पण खाली एखाद्या वारली माणसाचं नाव मला अजून दिसलेलं नाही. रस्त्यावर ब्रश चालवणारा माणूस किती उंच जाऊ शकतो, हे या चौघांवरून दिसतं. पण त्यासाठी आधी तो कोण आहे हे कळावं लागतं.

चाकणची तुलना डेट्रॉइटशी करायची आपल्याकडे हौस आहे. मग त्या डेट्रॉइटने काय केलं तेही बघावं. १९३२-३३ मध्ये दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने तिथल्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर मोटारीच्या कारखान्याची २७ चित्रं काढली. इंजिन ब्लॉक, कन्व्हेयर, प्रेस, आणि त्यांना भिडलेले कामगार. तेव्हा ‘पुसून टाका’ अशी ओरड झाली. पैसे दिलेले एड्सेल फोर्ड मात्र चित्रकाराच्या बाजूने उभे राहिले. चित्रं आजही आहेत. आपल्या पट्ट्यात तीन-तीन शिफ्टमध्ये लाखो गाड्या बनतात, पण भिंतीवरचा कामगार अजून हेल्मेट घालून अंगठा दाखवतो आहे. त्याला चेहरा नाही. काढणाऱ्याला नाव नाही आणि काढलेल्याला चेहरा नाही!

आता आक्षेप. पहिला आक्षेप माझ्या रूममेटचा. ज्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात पाणी दिवसाआड झालं, तिथे चित्रांवर खर्च कशाला? बरोबर आहे, पाणी आधी. पण मी नवा खर्च मागतच नाही. भिंती रंगतातच, पैसे खर्च होतातच. मी फक्त दीड फूट जागा मागते आहे, कोपऱ्यात, नाव आणि साल लिहायला. दुसरा आक्षेप आमच्या ग्रुपमधल्या बंडखोर मंडळींचा. स्ट्रीट आर्ट म्हणजे रात्री गुपचूप काढून पळून जायचं, टेंडर भरून काढलेली ती कसली कला! ऐकायला भारी वाटतं. पण महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि पकडल्यावर होस्टेलमधून नाव निघतं ते वेगळंच. शिवाय नाव लपवणं ही चैन ज्याचं नाव आधीच कुणीतरी विचारतंय त्याला परवडते. पेंटरकाकांचं नाव कुणीच विचारलेलं नाही.

मग करायचं काय? आपल्याच कॉलेजपासून सुरुवात करू. दर वर्षी फेस्टच्या आधी आपण मागची कंपाउंड वॉल रंगवतो आणि पुढच्या वर्षी त्यावर पांढरा हात मारतो. यंदा त्या कामात एका जुन्या पेंटरला बोलवा, पाहुणा म्हणून नाही, शिकवायला, आणि मानधन देऊन. आपण निळीची दोरी धरू. खाली सगळ्यांची नावं, साल आणि वापरलेला रंग लिहायचा, म्हणजे पुढच्या बॅचला कळेल कुठला रंग किती पावसाळे टिकला. हा तर सरळ सरळ मिनी-प्रोजेक्ट आहे!

दुसरं, एन.एस.एस.च्या मुलांनी निगडी ते चाकण रस्त्यावरची हाताने काढलेली चित्रं नोंदवावीत. कुठे, कधी, कुणी. भिंत कुणाची आहे हेही, कारण परवानगी तिथूनच मिळते. पेंटर सापडला तर त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. असे लोक आपल्या आसपासच राहतात, पण शोधत कुणी गेलेलं नाही.

तिसरं, सहल. पुणे दर्शनची बस शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस दाखवते. आपल्याकडे इंडस्ट्रियल व्हिजिटची बस दर सेमिस्टरला चाकणला जातेच. जाताना आपण झोपतो आणि येताना अंताक्षरी खेळतो. त्याच बसमध्ये एक पेंटर बसवा आणि ट्रान्सपोर्टनगरीत अर्धा तास थांबा. तळेगाव चौकात तर थांबावंच लागतं, ट्रॅफिक फुकट स्टॉप देते! ट्रकच्या रांगेत उभं राहून फाळके वाचायला तिच्यासारखी जागा नाही.

आणि मेट्रो. २०२२ च्या मार्चपासून पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत आपण डोक्यावरून जायला लागलो. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून कितीतरी कोऱ्या भिंती दिसतात, खालून त्या कधी दिसल्याच नव्हत्या. फिलाडेल्फियाने रेल्वेच्या खिडकीसाठी प्रेमपत्र लिहिलं. आपण काय लिहायचं ते आपण ठरवू. माझं मत विचाराल तर, कासारवाडीच्या बाजूला एखादा मोठा ट्रकचा फाळका रंगवावा. कमळ, मोर, सावलीची अक्षरं, सगळं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, साठ फुटांवरून वाचता येईल अशा सहा इंची अक्षरांत, रंगवणाऱ्याचं पूर्ण नाव.

पुढच्या सहलीची यादी मुलींच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावली आहे. मुलांनी आपली यादी वेगळी द्यावी. स्टाफलाही आग्रहाचं निमंत्रण, विशेषतः ट्रेसेबिलिटी शिकवणाऱ्या सरांना. रेक्टर मॅडम, नऊच्या आत परत येऊ, नक्की!

— टी. ई. (प्रॉडक्शन), मुलींचे वसतिगृह